खेळाडूवर बंदी कोण घालतं? ती कमी होऊ शकते का?

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. कुस्तीगीर संघाने त्याच्यासह महेंद्र गायकवाडवरही 3 वर्षांची बंदी घातली.

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मात्र बंदी सहसा सामन्यांत मोजतात आणि पगारही कापतात. मोसमात 16 टेक्निकल फाउल झाले, की 1 सामन्याची बंदी आपोआप लागते.

शिक्षा जास्त वाटली तर? 1997 मध्ये लॅट्रेल स्प्रीवेलने सरावात प्रशिक्षकाचा गळा धरला. लीगने वर्षभराची बंदी घातली. खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितली आणि लवादाने ती 68 सामन्यांवर आणली. थोडक्यात, एनबीएत मोठी शिक्षा लीग देते. ती योग्य आहे का, हे तिसरा माणूस तपासू शकतो.