कमरा, कॉम्रेड आणि विरह

पॉप गाण्याला व्हायोलिन, चेलो अशा वाद्यांची साथ असली की त्याला 'चेंबर पॉप' म्हणतात. हे नाव १९९० च्या दशकात रूढ झालं. त्यातला 'चेंबर' मात्र वाद्याचा नाही, जागेचा शब्द आहे.

ग्रीक 'कमारा' म्हणजे कमानदार छत. लॅटिनमध्ये त्याचं 'कॅमेरा' झालं आणि पुढे अर्थ खोलीकडे सरकला. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला तो 'चेंबर'. पोर्तुगिजांबरोबर इकडे आला तो हिंदीतला 'कमरा'. फोटो काढायचा कॅमेरा मूळचा 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली. आणि कोर्टातली 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे बंद दाराआडची. इटालियन संगीतकारांनी सतराव्या शतकात सोनाटांचे दोन प्रकार पाडले: 'दा किएझा' चर्चसाठी, 'दा कामेरा' दिवाणखान्यासाठी. चर्चमध्ये सूर घुमटापर्यंत पोचवायचा असतो; खोलीत तो समोर बसलेल्या चार माणसांपर्यंत पोचला तरी पुरे.

बीटल्सचं 'यस्टरडे' ऐकताना हा फरक कानांना कळतो. १४ जून १९६५ रोजी लंडनमधल्या ॲबे रोडवरच्या स्टुडिओत पॉल मॅकार्टनीने ते गिटारवर गायलं. तीन दिवसांनी त्यावर दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चौकडी चढवली गेली. निर्माता जॉर्ज मार्टिनची ही कल्पना. मॅकार्टनीचा आग्रह एवढाच, की वादकांनी सुरांना लाडिक कंप देऊ नये. त्यामुळे ते सूर कोरडे, सरळ राहिले आणि दुःखाचं प्रदर्शन टळलं. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. त्यात एक प्रिय व्यक्ती निघून गेली आहे. का गेली, ते सांगितलेलं नाही. मॅकार्टनीची आई १९५६ साली वारली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ते दुःख या गाण्यात नकळत उतरलं असावं, असं त्याने पुढे बोलून दाखवलं.

याच शब्दकुळात आणखी एक जण आहे: 'कॉम्रेड'. स्पॅनिश 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारा सोबती. मोर्चे आणि लाल झेंडे त्याला फार उशिरा भेटले. 'यस्टरडे'त बाकीच्या तिघा बीटल्सपैकी कोणीच वाजवलेलं नाही. खोली आहे, कॉम्रेड नाहीत.

आपला 'विरह' इथे आठवतो. त्याचा या कुळाशी रक्तसंबंध नाही. संस्कृतात 'रह्' म्हणजे सोडून जाणं, दुरावणं. 'वि' लागून 'विरह' झाला. त्याच धातूकडून 'रहस्' म्हणजे एकांत आणि त्यावरून 'रहस्य' आलं. सोडून जाणं, एकटं उरणं आणि कुणाला न सांगता येणं या तिन्ही गोष्टी संस्कृतने एकाच धातूत ठेवल्या. आपल्या संतांनी विरहिणीचे अभंग रचले, त्यांना मराठीत 'विराणी' हे नाव मिळालं. तिथे दुरावलेला सखा प्रत्यक्ष देव आहे, तरी बोलणं मात्र जवळच्या सखीशी बोलावं तसं.

म्हणूनच मला चेंबर पॉपमधला 'चेंबर' वाद्यवृंदापेक्षा मोलाचा वाटतो. विरहाचं गाणं हजारो लोक ऐकू शकतात, पण ते गावं लागतं एका माणसासाठी. तेवढी जवळीक साधली नाही, तर शंभर व्हायोलिनं लावूनही ते गाणं चेंबर पॉप होत नाही.