तुरीचा करार

मोझांबिक हे नाव आमच्या आळंदच्या बाजारात ऐकू आलं ते तुरीमुळे. त्याआधी कुणाला ठाऊक होतं? पण हा देश आपल्याला अगदी परका नव्हे. पोर्तुगीज अमलात त्याचा कारभार गोव्याहून चालायचा. 1752 साली तो वेगळा काढला. दीव-दमणचे व्यापारी तिकडे कापड नेत आणि हस्तिदंत आणत. माणसांचीही खरेदी-विक्री होई, हेही सांगायलाच हवं. डिसेंबर 1961 मध्ये भारताने गोवा मुक्त केला, तेव्हा त्याचा राग पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता घेतली, देशाबाहेर घालवलं. गोवामुक्तीच्या धड्यात हे पान नसतं. 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झाला आणि भारताने लगेच त्याच्याशी संबंध जोडले.

पुढे चाळीस वर्षांनी या संबंधात तूर आली. 2015 साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत चढली. कांदा-लसूण न खाणाऱ्या आमच्यासारख्या घरांत वरणाशिवाय पान पुरं होत नाही. त्या वर्षी घरोघरी वरण पातळ होत गेलं. सरकारही हललं. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मापुतोला गेले आणि डाळींचा करार झाला. पहिल्या वर्षी 1 लाख टन, वाढवत वाढवत 2020-21 पर्यंत 2 लाख टन. आम्हा गृहिणींना बरंच वाटलं.

पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. भाव बघून शेतकऱ्यांनीही तूरच पेरली. आदल्या वर्षी देशात सुमारे 26 लाख टन तूर झाली होती. 2016-17 ला ती 48 लाखांच्या वर गेली. बोनस धरून हमीभाव 5050 रुपये क्विंटल, आणि बाजारात चार हजारसुद्धा मिळेनात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बारदान नाही म्हणून खरेदी थांबली. कलबुर्गी जिल्हा म्हणजे तुरीचं कोठार, 2019 ला इथल्या डाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने त्या वर्षीचं कर्ज फिटलं नाही.

मग 5 ऑगस्ट 2017 ला सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकशी केलेला करार त्यातून वगळला, म्हणजे शब्द पाळला. तरी तिकडचा शेतकरी बुडालाच. झांबेझिया, नाम्पुला या भागांत तूर मुख्यतः विकायलाच पिकवतात आणि मोठं गिऱ्हाईक एकच, आपण. करारातला वाटा सोडून उरलेल्या मालाला कोण विचारणार? भाव मातीमोल झाले. आपल्याच भरवशावर त्यांनी पेरा वाढवला होता ना! मला या सगळ्या गोष्टीत हेच खटकतं. दोन सरकारांनी टनांचा हिशेब नीट ठेवला. पण आळंदचा आणि नाम्पुलाचा शेतकरी एकाच वर्षी, एकाच कारणाने अडचणीत आला, आणि एकमेकांना शत्रू समजला.

खरं तर निसर्गाने दोघांची सोय केलेली आहे. त्यांचा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तूर आपल्या पावसाळ्यात निघते. बोटी वेळेवर निघाल्या तर माल दिवाळीच्या आसपास, आपल्या कोठ्या रिकाम्या होत असताना पोचतो. आपली तूर पौषात खळ्यावर येते. अडचण होते ती बोटींना उशीर झाला की.

मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली, त्याच वर्षी करार 2025-26 पर्यंत वाढला. मलावीशीही 50 हजार टनांचा ठरला. तरी 2023 च्या अखेरीस तिकडच्या वादात मोझांबिकच्या नाकाला बंदरात माल अडकून पडला. इकडे डाळ कडाडली आणि दिल्लीहून तिथल्या सरकारकडे विनवण्या सुरू झाल्या. 2017 ला ते आपल्या दाराशी उभे होते, आता आपण त्यांच्या. आळंदला तेव्हा तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या, आणि अडतीवर जो तो विचारत होता, बोटी सुटल्या का?