हुकूमनामा, ताबा आणि कपटाने मिळविलेली मालकी

इंद्रलोकच्या उंच इमारतींकडे पाहताना, भाईंदर हे एके काळी मिठागरांचे व भातशेतीचे गाव होते, हे नव्या पिढीस सांगावे लागते. १८७० मध्ये इंग्रज सरकारने मीरा, भाईंदर व घोडबंदर येथील विस्तीर्ण जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. त्यातून निघालेल्या हक्कांचे वाद शतकाहून अधिक काळ चालले. पुढे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि जमिनीचे मोल वाढत गेले. अशा भूमीवर राहणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे. जमिनीची मालकीच कपटाने मिळविलेली असेल, तर ती रिकामी करण्याचा न्यायालयीन आदेश कोणावर व कसा चालतो?

हुकूमनामा मिळाला म्हणजे ताबा मिळाला, असे नव्हे. भारतात वादीच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावरच सुरू होतात, असा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच दिला होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नुसार न्यायालयाचा बेलीफ जागेवर जाऊन ताबा देतो आणि कोणी अडथळा केल्यास नियम ९७ खाली अर्ज करता येतो. पूर्वी अशा अडथळ्यानंतर मालकी ठरविण्यासाठी निराळा दावा लावावा लागे आणि त्यात वर्षानुवर्षे जात. १९७६ च्या दुरुस्तीने हक्काचा प्रश्नही अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयानेच ठरवावा, अशी व्यवस्था झाली. मात्र दावा प्रलंबित असताना प्रतिवादीकडून जमीन घेणाऱ्यास नियम १०२ मुळे या तरतुदींचा आधार मिळत नाही. अंमलबजावणीची प्रकरणे सहा महिन्यांत निकाली काढावीत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

परंतु हुकूमनामाच कपटाने मिळविला असेल तर? चेंगलवराय नायडू खटल्यात एकाने दुसऱ्यासाठी लिलावात मालमत्ता घेतली होती व तिच्यावरील हक्क सोडल्याचा दस्तही करून दिला होता. तो दस्त न्यायालयापासून लपवून त्याने वाटणीचा हुकूमनामा मिळविला. कपटाने मिळविलेला निर्णय मुळातच शून्यवत असून तो कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर नाकारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. अर्थात कपटाचा नुसता आरोप पुरत नाही. त्याचा तपशील कैफियतीत मांडून तो सिद्ध करावा लागतो.

खरी करुण अवस्था होते ती प्रामाणिक खरेदीदाराची. विकणाऱ्यापाशी जो हक्क नाही, तो घेणाऱ्यास मिळत नाही, हे कायद्याचे जुने सूत्र आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४१ सद्भावनेने घेणाऱ्यास काही आश्रय देते. पण त्यासाठी खऱ्या मालकाची संमती दिसावी लागते. बनावट दस्तात ती कोठून असणार?

वसईच्या खाडीपलीकडे, नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत याचे दर्शन घडले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेसह तेथील जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि बनावट कागदपत्रांच्या आधारे घरे विकल्याचा आरोप होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. २०२५ च्या आरंभापर्यंत इमारती भुईसपाट झाल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्यांपैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी त्या घरांत घातली होती. आदेशाचा भार शेवटी पडला तो कुलूप लावून बाहेर पडणाऱ्या गृहस्थावर.

यातून संस्थांनी व कुटुंबांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. खरेदीपूर्वी किमान ३० वर्षांचा मालकीचा शोध वकिलामार्फत घ्यावा. सातबारा व फेरफार हे महसुली नोंदीचे कागद आहेत. केवळ त्यांनी मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानी ठेवावे. प्रलंबित दाव्यांची चौकशी करावी. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास १९५० च्या न्यास अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसलेला व्यवहार वैध ठरत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या पेटीतील मूळ दस्त, नकाशे व आदेश एकदा उघडून, तपासून, त्यांची सूची करून ठेवावी. पुढील पन्नास वर्षांच्या विश्वस्तांना तो मोठाच आधार ठरेल.