राखेवरून आहाराची पारख

अन्नाचे आम्लधर्मी आणि क्षारधर्मी असे दोन वर्ग पाडून, दुसऱ्या वर्गाचे अन्न जितके अधिक खावे तितके शरीर निरोगी राहते, असे सांगणारा विचार निसर्गोपचाराच्या मराठी पुस्तकांनी घरोघरी पोहोचवला असला आणि तो आयुर्वेदातूनच आला असावा असे पुष्कळांना वाटत असले, तरी त्याचा उगम एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या प्रयोगशाळांत सापडतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रायोगिक वैद्यकावरील ग्रंथात या कथेचा आरंभ नोंदला आहे. बाजारातून आणलेले ससे प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले असता त्यांनी तेथेच मूत्रविसर्जन केले, आणि ते मूत्र स्वच्छ व आम्ल असल्याचे बर्नार यांच्या लक्षात आले. गवत खाणाऱ्या प्राण्यांचे मूत्र एरवी गढूळ आणि अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असते. तेव्हा हे ससे बराच काळ उपाशी असावेत आणि स्वतःच्याच मांसावर जगत असावेत, असा तर्क त्यांनी केला. गवत दिल्यावर मूत्र गढूळ व अल्कधर्मी झाले, उपाशी ठेवल्यावर पुन्हा आम्ल झाले, आणि पुढे सशांना उकडलेले गोमांस खाऊ घातल्यावरही ते आम्लच राहिले. आहाराने मूत्राचा गुण बदलतो, ही गोष्ट त्यामुळे निर्विवाद ठरली. रक्ताविषयी मात्र या प्रयोगाने काहीच सिद्ध झाले नव्हते, आणि पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या दोन गोष्टींची गल्लत होण्यात आहे.

आहाराच्या वर्गीकरणाची पद्धत राखेच्या पृथक्करणातून आली. अन्न पूर्णपणे जाळले असता उरणाऱ्या राखेत गंधक, स्फुरद आणि क्लोरीन ही आम्ल निर्माण करणारी मूलद्रव्ये अधिक आहेत, की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही आम्ल शमवणारी मूलद्रव्ये अधिक आहेत, हे मोजून अन्नाचा वर्ग ठरवावयाचा, अशी ही रीत होती. कोलंबिया विद्यापीठातील हेन्री शर्मन आणि अलेक्झांडर गेटलर यांनी १९१२ साली या रीतीने अनेक पदार्थांचा हिशेब मांडला, तेव्हा मांस, अंडी आणि धान्ये एका बाजूला पडली, तर बहुतेक फळे, भाज्या आणि दूध दुसऱ्या बाजूला. चवीला इतके आंबट असलेले लिंबूही क्षारधर्मी ठरले, याचे कारण त्यातील सायट्रिक आम्लाचे शरीरात ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते व पोटॅशियम तेवढे मागे राहते.

शर्मन आणि गेटलर यांचा हिशेब रसायनशास्त्राचा होता. त्याला आरोग्याच्या संहितेचे रूप दुसऱ्यांनी दिले. ड्रेस्डेनजवळील लाहमान यांच्या आरोग्यधामात काम केलेले, मूळचे स्वीडिश असलेले राग्नार बेर्ग यांनी अन्नाच्या विस्तृत सारण्या तयार करून आम्ल शमवणारे अन्न आम्लकारी अन्नापेक्षा अधिक असावे असा नियम घातला, आणि अमेरिकेत डॉ. विल्यम हॉवर्ड हे यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात बहुतेक व्याधींचे खापर शरीरात साचणाऱ्या आम्लावर फोडून, प्रथिने व पिष्टमय पदार्थ एका जेवणात एकत्र खाऊ नयेत असा दंडकही जोडला. गंमत अशी की, ज्या काळात हा प्रचार जोरात होता त्याच काळात शरीरक्रियाशास्त्राने त्याचा पाया काढून घेतला होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सेन यांनी १९०९ साली सामू, म्हणजे द्रावणाची आम्लता मोजण्याची मोजपट्टी, रूढ केली होती, आणि लॉरेन्स हेंडरसन यांच्यासारख्यांच्या संशोधनातून रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अतिशय अरुंद पट्ट्यात कसा टिकतो हे उलगडले होते. रक्तातील बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते, फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि उरलेले आम्ल मूत्रपिंडे मूत्रावाटे काढतात, म्हणून मूत्राचा सामू जेवणाप्रमाणे साधारण ४.५ ते ८ पर्यंत खालीवर होत असताना निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू जागचा फारसा हलत नाही.

भारतात हा विचार निसर्गोपचाराच्या चळवळीबरोबर रुजला. लुई कूने आणि अडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या लेखनाने गांधीजी प्रभावित झाले होते, पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचार आश्रमाची पायाभरणी केली. जर्मन व अमेरिकन सिद्धांत येथे परका वाटला नाही, याचे एक कारण आयुर्वेदातील विपाकाच्या कल्पनेत शोधता येते. विपाक म्हणजे पचनानंतर अन्नाचा होणारा अंतिम परिणाम. आवळा चवीला आंबट असूनही त्याचा विपाक मधुर मानला आहे. चव एक आणि शरीरातील परिणाम वेगळा, हे ज्या वाचकाने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला लिंबू क्षारधर्मी असल्याचे सांगणे फारसे अवघड गेले नसावे.

पण साम्य येथेच संपते, कारण प्राचीन ग्रंथांतील क्षार ही मुख्यतः औषधाची, आणि जपून वापरण्याची, वस्तू होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात मुष्कक, पळस, आघाडा इत्यादी वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी एकवीस वेळा गाळावे, कढवावे आणि त्यात तापवून लाल केलेले शंख-शिंपले व चुनखडी विझवावीत, अशी कृती दिली असून, तयार झालेला दाहक क्षार मूळव्याध व भगंदर यांसारख्या विकारांत शस्त्राच्या जागी लावावयाचा होता. पिण्याच्या सौम्य क्षाराचा प्रकार त्यात वेगळा सांगितला आहे. त्याच अध्यायात, क्षाराने भाजलेली जागा आम्ल द्रव्याने शांत करावी असे सांगून, अग्नीसारखे तीक्ष्ण आम्ल दाह कसा शमवते या शंकेचे उत्तर दोन्ही एकत्र आल्यावर क्षार आपली तीक्ष्णता सोडतो असे दिले आहे. आम्ल आणि अल्कली परस्परांना निष्प्रभ करतात या निरीक्षणाचा इतका जुना आणि स्पष्ट उल्लेख क्वचितच आढळावा, आणि प्रफुल्लचंद्र रे यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्व दिले ते योग्यच होते. चरकसंहिता तर विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अति सेवन करू नयेत असे बजावते, आणि अति क्षार खाणाऱ्या लोकांत आंधळेपणा, टक्कल, अकाली पिकलेले केस व हृदयाची पीडा आढळते असे सांगताना प्राच्य व चीन या देशांचे उदाहरण देते.

कारणमीमांसा सोडली, तर हा इशारा अस्थानी नव्हता. शिकागोचे डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली जठरव्रणाच्या रुग्णांना तासातासाला दूध व साय आणि मध्ये अल्कलीची चूर्णे देण्याची पद्धत मांडली, ती कित्येक दशके चालली. मात्र १९२३ पासूनच त्या उपचाराखाली असलेल्या काही रुग्णांत डोकेदुखी, मळमळ आणि मूत्रपिंडांचे विकार झाल्याच्या नोंदी होऊ लागल्या.

सिद्धांताला शास्त्रीय प्रतिष्ठा परत मिळवून देण्याचा गंभीर प्रयत्न १९६८ साली झाला, जेव्हा वॉकमन आणि बर्नस्टाइन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये, मांसप्रधान आहारातील आम्ल शमवण्यासाठी हाडे झिजत असावीत, असे अनुमान मांडले. २००९ आणि २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा या अनुमानाला आधार मिळाला नाही. व्यापारी प्रचाराला त्याची फिकीर नव्हती. २००२ साली या विषयावर खपाऊ पुस्तक लिहिणारे रॉबर्ट यंग यांना कॅलिफोर्नियात परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६ साली दोषी ठरवण्यात आले. जुन्या राखेच्या हिशेबाचा खरा वारसा मूत्रपिंडांच्या तज्ज्ञांकडे राहिला आहे. थॉमस रेमर आणि फ्रीडरिश मान्झ यांनी १९९५ साली तो सुधारून अन्नाचा मूत्रपिंडांवर पडणारा आम्लभार मोजण्याचे सूत्र दिले, आणि युरिक आम्लाच्या मुतखड्यावर पोटॅशियम सायट्रेट देताना त्याची मात्रा मूत्राचा सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान राहील अशा बेताने ठरवली जाते.