दर साल, दर शेकडा

शाळेतल्या व्याजाच्या उदाहरणात 'द.सा.द.शे. 12' असे छापलेले असे. दर साल, दर शेकडा. आता आपण नुसते '12 टक्के' म्हणून मोकळे होतो. पण त्या चार अक्षरांतला शेकडा फार जुना आहे आणि साल त्या मानाने अलीकडचे. आपल्याकडे व्याज मोजले जाई ते महिन्यावर.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 100 पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे. व्यापाऱ्याला 5, रानावनातून माल नेणाऱ्याला 10, समुद्रावर जाणाऱ्याला 20. जोखीम वाढली की दर चढला. सव्वा म्हणजे वर्षाचे 15 होतात, तर समुद्रावर जाणाऱ्याचे 240. रोममध्येही महिन्याला शंभरावा भाग असा दर रूढ होता, म्हणजे वर्षाला 12. दोन गोल आणि मधे रेघ हे टक्क्याचे चिन्ह मात्र बरेच नंतरचे. इटलीतले व्यापारी वह्यांत 'पेर चेंतो', म्हणजे 'दर शेकडा', हे शब्द आखडून लिहीत. त्या लिखाणातून ते चिन्ह घडत गेले.

आपल्या हिशेबाची सगळ्यात देखणी मांडणी भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'त आहे. महिन्याला 100 चे व्याज 5, तर 16 चे वर्षाचे किती? पंचराशिकाच्या रीतीने एका बाजूला 1 महिना, 100 मुद्दल, 5 व्याज लिहायचे. दुसऱ्या बाजूला 12 महिने, 16 मुद्दल, आणि व्याजाची जागा रिकामी. मग ते 5 उचलून रिकाम्या जागी न्यायचे. 12, 16 आणि 5 यांचा गुणाकार 960, त्याला 100 ने भागले की 9.6, म्हणजे 9 पूर्णांक 3 पंचमांश. आजच्या पुस्तकातले मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले 100 हे सूत्र हेच. लगेच पुढे भास्कराचार्य तोच हिशेब उलटा फिरवून काळ आणि मुद्दलही काढायला सांगतात. एकच रीत तिन्ही बाजूंनी वापरता आली तरच ती समजली, ही खऱ्या शिक्षकाची दृष्टी. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला.

ही विद्या याच मातीतली, पण कर्ज काढणाऱ्या कुणब्याच्या घरापर्यंत ती पोचली नाही. पुढे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून दंगा पेटला, तेव्हा लोकांनी सावकारांच्या घरातली खतेपत्रे शोधून जाळली. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम तेव्हाही होता. पण व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहिले की नियम निसटे. म्हणून 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खतामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याची मुभा दिली.

महिना आणि साल यांची ही गफलत आजही चालू आहे. गावात 'तीन टक्क्यांनी घेतले' म्हणतात, ते महिन्याचे तीन असतात. बँकेचे 12 ऐकून कुणाला ते महाग वाटावे, तर सावकाराचे हे 36 भरतात. दुसरा फास हप्त्यांत आहे. एक लाखाचे कर्ज 'फ्लॅट 10 टक्क्यांनी' घेतले आणि वर्षभरात 12 सारख्या हप्त्यांत फेडले, तर व्याज 10,000 पडते. मुद्दल दर महिन्याला घटत असते, व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेले. उरलेल्या मुद्दलावर मोजले तर हाच दर वर्षाला जवळपास 18 टक्के निघतो.

तेव्हा कोणी टक्के सांगितले की दोन गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नका: महिन्याचे की सालाचे, आणि मूळ रकमेवर की राहिलेल्या रकमेवर? उत्तर कागदावर लिहून मागा.