हॉलमध्ये माणसं किती? हा आकडा येतो कुठून

6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफडे (अर्पोरा) इथल्या नाइटक्लबला आग लागली. 25 माणसं गेली, त्यात बहुतेक तिथंच राबणारे कर्मचारी. त्याआधी 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल, 14 मृत्यू. अशा वेळी आपल्याकडे दोनच प्रश्न गाजतात. परवानगी होती का? मालक कुठं पळाला? मी बरीच वर्षं नगरपालिकेच्या बातम्या करतोय, तिथंही ‘फायर एनओसी आहे का’ याच्या पुढं गाडी जात नाही. त्या जागेतून वेळेवर बाहेर पडू शकतील अशी माणसं किती, हे कुणी विचारत नाही. या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि तो रक्तानं लिहिलाय.

28 नोव्हेंबर 1942. अमेरिकेतलं बोस्टन शहर, शनिवारची रात्र. ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या क्लबची अधिकृत क्षमता 460. आत होती साधारण 1000 माणसं. तळघरातल्या बारमध्ये आग लागली आणि काही मिनिटांत सगळीकडे पसरली. मुख्य प्रवेशाला गोल फिरणारं दार होतं. दोन्ही बाजूंनी माणसं रेटायला लागली आणि ते अडकलं. तळघराचा जिना चढून आल्यावर जे आपत्कालीन दार होतं ते बंद. दुसरं एक दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळं गर्दीच्या रेट्यानंच ते मिटलं. 492 मेले. दारं बाहेर उघडणारी असती तर किमान 300 जीव वाचले असते, अशी साक्ष अग्निशमन अधिकाऱ्यांनी नंतर दिली.

आता गंमत बघा. जेमतेम आठवडाभर आधी याच क्लबची तपासणी झाली होती. शेरा होता ‘चांगली स्थिती’, बाहेर पडायला दारं पुरेशी! वाचताना आपलंच कुठलं तरी कार्यालय आठवलं ना?

मालक बार्नी वेलान्स्की त्या रात्री आजारी होता, दवाखान्यात. तरी कोर्टानं त्याला सदोष मनुष्यवधात दोषी धरलं. तू हजर नव्हतास, पण बंद दारांची व्यवस्था तुझीच, असा त्या निकालाचा अर्थ. 12 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. पण चारेक वर्षांतच राज्यपाल मॉरिस टोबिन यांनी त्याला माफी दिली. आग लागली तेव्हा हेच टोबिन बोस्टनचे महापौर होते!

नियम तेव्हा नव्हते असं नाही. बाहेर पडण्याच्या मार्गांची संहिता अमेरिकेत 1927 लाच छापून झाली होती. पण छापलेलं पुस्तक म्हणजे कायदा नव्हे. 492 प्रेतांनंतर क्लब आणि रेस्टॉरंट ही ‘सार्वजनिक जमावाची ठिकाणं’ धरली जाऊ लागली, आणि फिरत्या दाराशेजारी बाहेर उघडणारं साधं दार सक्तीचं झालं.

आता हिशोब. पाचवीतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे. अमेरिकी संहितेत नाचायच्या मोकळ्या जागेत माणशी 7 चौरस फूट धरतात, टेबल-खुर्च्या असतील तिथं 15. समजा, नाचायची जागा 700 चौरस फूट, म्हणजे 100 माणसं. टेबलांची जागा 1500 चौरस फूट, आणखी 100. झाले 200.

मग दार मोजायचं. पूर्वी एका माणसाच्या खांद्याइतकी म्हणजे 22 इंच रुंदी एक माप धरत आणि सपाट वाटेवर त्यातून 100 माणसं. आता माणशी 0.2 इंच धरतात. 36 इंच मोकळ्या दारातून 180. म्हणजे जागा 200 ची आणि दार 180 चं. एवढ्या माणसांना दोन दारं तर लागतातच, पण त्यातल्या एकाला ‘फुकटे घुसतात’ म्हणून कुलूप घातलं की 20 माणसांचा हिशोब जागच्या जागी चुकला.

खरी मेख पुढं आहे. त्याच 1500 फुटांतली टेबलं उचलली की 7 नं भागाकार करून 214 माणसं बसतात. कागदावर तेवढ्या भागातली माणसं दुपटीहून जास्त झाली, दार मात्र होतं तेवढंच. ऱ्होड आयलंडमधल्या ‘स्टेशन’ क्लबमध्ये 20 फेब्रुवारी 2003 ला मर्यादा 404 ची आणि आत 462 माणसं होती. स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमनं पेट घेतला. दीडेक मिनिटात आत थांबणं अशक्य झालं. बहुतेकजण ज्या दारानं आले त्याच दाराकडे पळाले आणि तिथंच एकमेकांवर पडले. 100 मृत्यू. माणूस घाबरला की ओळखीच्या दाराकडेच धावतो, हे मानून नंतर अमेरिकी संहितेत बदल झाला: अशा नव्या जागेचं मुख्य दारच एकूण माणसांपैकी दोन तृतीयांश लोकांना पुरेल एवढं हवं.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही, 2016 च्या, माणशी जागेचा तक्ता आहे. म्हणजे पुस्तक आपल्याकडेही छापून तयार आहे.

आपल्या तालुक्यात नाइटक्लब नाही, मान्य. पण मंगल कार्यालयं आहेत, दुसऱ्या मजल्यावरचे बँक्वेट हॉल आहेत. ‘हजार पाहुण्यांची सोय’ अशी जाहिरात आपण रोज वाचतो. ती सोय जेवणाच्या पंगतीची की बाहेर पडायची? पुढच्या लग्नाला जाल तेव्हा तीनच गोष्टी बघा. क्षमतेचा बोर्ड लावलाय का, दुसरं दार कुठं आहे, आणि ते बाहेर उघडतं का. दारामागं खुर्च्यांची चळत किंवा कुलूप दिसलं तर व्यवस्थापकाला तिथंच विचारा, आणि इथं कॉमेंटमध्ये लिहा. नगरपालिकेत जाऊन पुढचा प्रश्न मी विचारतो.