प्रवाळ, काचेची टाकी आणि चुन्याची निवळी

धाराशिव जिल्ह्यातील अणदूर या माझ्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, प्रवाळाचा एक पांढरा तुकडा आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे, ‘समुद्रातील दगड’. गेल्या वर्षी शाळेत गेलो असता आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, हा जिवंत असता तर आपल्या अणदूरला जगला असता का?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधण्यात सव्वाशे वर्षे गेली आहेत.

प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे. समुद्रफुलाच्या कुळातले हे लहान जीव आपल्या बुडाशी चुन्याचा सांगाडा रचतात. कपाटात उरतो तो हा सांगाडा. (अंगठीतले लाल पोवळे हे याच कुळातल्या वेगळ्या शाखेचे. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ ते नव्हेत.)

समुद्राबाहेर प्रवाळ टिकवण्याचा पहिला नीट नोंदला गेलेला प्रयत्न एका गृहिणीचा आहे. १८४६ साली इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून ॲना थिन यांनी काही प्रवाळ लंडनला आणले. ताजे समुद्रजल सारखे मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला सुरुवात केली. हे कंटाळवाणे काम अर्थातच मोलकरणीच्या वाट्याला आले! पाण्यात हवा मिसळत राहिली आणि प्रवाळ जगले. पुढच्या वर्षी थिन यांनी भांड्यात सागरी वनस्पतीही ठेवल्या.

समुद्रजलच घरी बनवता येईल का, हा पुढचा प्रश्न. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी साधे मीठ, मॅग्नेशियमचे क्षार आणि पोटॅशियम क्लोराइड यांपासून असे पाणी तयार केले. चुन्याचे क्षार मात्र त्यांनी किरकोळ समजून गाळले. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम, तेव्हा त्यांची चूक समजण्यासारखी आहे. पण प्रवाळाचे घर बांधले जाते ते नेमके याच ०.४ ग्रॅममधून.

थिन यांचे प्रवाळ थंड पाण्यातले होते. उष्ण समुद्रातील, भित्ती बांधणारे प्रवाळ टाकीत आणले की मरत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला अन्न पुरवते. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली होती. पाणी फार तापले किंवा प्रवाळ बराच काळ अंधारात राहिला, तर तो हे शैवाल बाहेर टाकतो, असे तिथल्या प्रयोगांत दिसले. आज आपण ज्याला प्रवाळांचे ‘विरंजन’ म्हणतो, ते हेच. पुढे १९५० च्या दशकात टॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले की सांगाडा उजेडात कितीतरी वेगाने वाढतो. म्हणजे टाकीला हवा पुरेशी नव्हती. तिला ऊनही हवे होते.

तरी पाणी घाण होण्याचा प्रश्न उरलाच. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग या हौशी गृहस्थांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. टाकीत समुद्रातून आणलेले, जीवाणूंनी व इतर जीवांनी भरलेले खडक ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू या खडकांतच राहतात, खोल छिद्रांतले जीवाणू नायट्रेटही फोडतात. जड गाळणयंत्रांपेक्षा हे दगड सरस ठरले.

शेवटची कडी आपल्या प्रयोगशाळेतच आहे. १९७३ च्या सुमारास पीटर विल्किन्स यांनी टाकीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी घालण्याची पद्धत रूढ केली. फुंकर मारली की दुधाळ होते तीच ही निवळी! थेंब थेंब घातली, की पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी तिचा संयोग होऊन कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तयार होतात. सांगाड्याला लागणारी दोन्ही द्रव्ये एकदमच मिळाली. घाईने ओतली तर मात्र पाण्याचा अल्कधर्म एकाएकी वाढतो आणि चुना तळाशी बसतो.

आता त्या मुलीचे उत्तर. तापमान २५ ते २७ अंश, भरपूर उजेड, वाहते पाणी, कॅल्शियम, आणि नायट्रेट लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत, एवढे सांभाळले तर प्रवाळ अणदूरलाही जगेल. बोअरचे पाणी तसेच चालणार नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातसुद्धा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मुभा आहे!

पण जगेल म्हणून ठेवावा का? २००१ साली भारताने सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसवले. ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. शाळेत जुना तुकडा असेल तर वनखात्याकडे त्याची नोंद आहे का, तेही मुख्याध्यापकांनी पाहावे. मला हा कायदा योग्य वाटतो. महाराष्ट्राचे जिवंत प्रवाळ मालवणच्या सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) आहेत आणि तिथेच राहावेत. हौशी लोकांच्या टाक्यांतून आलेली जाण वाया गेलेली नाही. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात आली.

प्रवाळाशिवायही टाकी पुष्कळ शिकवते. संशोधक विद्यार्थी असताना ऐन मे महिन्यात मी समुद्रफुलांच्या टाकीतले घटलेले पाणी रोज समुद्रजलानेच भरत असे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, हे पाठ होते. हाताला ठाऊक नव्हते. सातव्या-आठव्या दिवशी सगळी समुद्रफुले आक्रसून गेली आणि मग मेली. त्या मुलीला मी सुचवले ते असे: वीस लिटरची काचेची टाकी घे, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळव, पातळीवर खूण कर आणि हायड्रोमीटर सोड. उन्हाळाभर केवळ साधे पाणी घालून वाचन १.०२५ च्या आसपास ठेवता येते का, ते वहीत लिही. एप्रिलच्या मध्यावर तिचे वाचन १.०३१ झाले होते. शाळेला तीन दिवस सुट्टी होती.